पंधरा ग्रॅममध्ये एक एकर

एक एकर रान झाकायला किती लिपिड लागेल? प्रत्येक सजीव पेशीभोवती मेदाच्या रेणूंचा जसा दुपदरी पडदा असतो, अगदी तसाच अखंड पडदा चाळीस गुंठ्यांवर पसरायचा आहे, असे धरू. उत्तर येते साधारण पंधरा ग्रॅम.

गणित सोपे आहे. पेशीच्या पडद्यातल्या नेहमीच्या लिपिडच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ७९च्या पुढे १९ शून्ये इतके रेणू भरतात. पडद्यात उभा राहिलेला एक रेणू सुमारे ०.७ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पडदा दुपदरी असल्याने क्षेत्रफळ निम्मे करायचे. मग एका ग्रॅमचे होतात २७७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन गुंठे. हाच हिशेब पुढे नेला, तर १४,८९५ चौरस किलोमीटरचा अख्खा सोलापूर जिल्हा, अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत, झाकायला ५४ टन लिपिड पुरेल.

एवढ्याशा वस्तूत एवढे क्षेत्र मावते ते पडद्याच्या जाडीमुळे. ही जाडी अवघी चार-पाच नॅनोमीटर असते. जीवसृष्टीतले आत आणि बाहेर एवढ्याच अंतराने वेगळे झालेले आहे.

मोहोळच्या रानातून

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचे नाव शेतीच्या इतिहासात एका वाणाशी जोडलेले आहे. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हे वाण पुढे आले. पाऊस सरल्यावर पेरायचे, काळ्या रानात साठलेल्या ओलीवर वाढवायचे आणि माघ-फाल्गुनात काढायचे, असे हे रब्बीचे पीक. पुढे कितीतरी सुधारित वाणे आली, पण भाकरीसाठी आणि कडब्यासाठी मालदांडीचे नाव आजही घेतले जाते.

ओल तुटत जाते तेव्हा पानातल्या पेशीचे पाणी कमी होते, ती आक्रसते आणि तिचा पडदा ताणाखाली येतो. तो फाटला की आतले क्षार बाहेर झिरपतात. कोरडवाहू पिकांचे अभ्यासक हे मोजतात. पानाचे तुकडे शुद्ध पाण्यात ठेवायचे आणि पाण्याची विद्युतवाहकता किती वाढली ते पाहायचे. वाहकता कमी वाढली तर पडदा टिकाऊ. दुष्काळ सोसण्याची ताकद पारखण्याच्या कसोट्यांमध्ये ही एक आहे. पानातली ३० मायक्रोमीटरची एक पेशी घेतली आणि बाहेरच्या पडद्याचे निम्मे क्षेत्र प्रथिनांना सोडले, तरी लिपिडचे सुमारे ४०० कोटी रेणू उरतात. पृथ्वीवरच्या निम्म्या लोकसंख्येइतके, आणि तेही एका पेशीच्या फक्त बाह्य पडद्यात.

या लेखाचा विषय पेशीहून साधी रचना आहे. ती म्हणजे पुटिका. पडद्याचा बंद गोळा, आत पाणी, बाहेर पाणी. ना केंद्रक, ना प्रथिने. तिचे माप डोळ्यांपुढे यावे म्हणून मालदांडीचा एक टपोरा दाणा घेऊ. तो धरू या चार मिलिमीटरचा. औषधांत वापरल्या जाणाऱ्या पुटिका १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. म्हणजे दाण्याच्या व्यासावर अशा ४०,००० पुटिका ओळीने बसतील, आणि दाण्याच्या आकारमानात ६४ लाख कोटी पुटिकांइतकी जागा आहे.

आता नॅनोमीटरचा मीटर करू, म्हणजे सगळे जग शंभर कोटी पटींनी मोठे करू. पुटिका होईल १०० मीटर व्यासाचा गोल आणि तिची भिंत पाचेक मीटरची. त्याच मापाने ज्वारीचा दाणा ४,००० किलोमीटरचा होईल. भारताच्या दक्षिणोत्तर लांबीपेक्षा, म्हणजे ३,२१४ किलोमीटरपेक्षाही मोठा. आणि मोहोळ ते सोलापूर हे साधारण ३५ किलोमीटरचे अंतर होईल ३,५०० कोटी किलोमीटर. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान, माणसाने पाठवलेली सर्वांत दूरची वस्तू, आजवर सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर पोहोचले आहे. त्या प्रमाणात ते अजून सोलापूरच्या वेशीतही शिरलेले नाही.

बांधणारा कोण?

शंभर नॅनोमीटरच्या एका पुटिकेत लिपिडचे सुमारे ८०,००० रेणू असतात. त्यांतला प्रत्येक आपल्या जागी, पाणीप्रिय डोके पाण्याकडे आणि मेदाच्या शेपट्या आत अशा रीतीने उभा असतो. हे ८०,००० रेणू कोणी उचलून लावलेले नसतात. त्यांना आराखडा दिलेला नसतो आणि बाहेरून जुळवणारे यंत्रही नसते. पाण्यात टाकले की ते स्वतःहून जुळतात. यालाच स्वयंजुळणी म्हणतात.

जुळणीमागचे बळ पाण्यातून येते. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि हे बंध क्षणोक्षणी तुटत-जुळत राहतात. मेदाची शेपटी मध्ये आली की तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना तिच्याशी बंध जोडता येत नाहीत. त्यांची फिरण्या-वळण्याची मोकळीक कमी होते. शेपट्या एकत्र आल्या की ती मोकळीक पाण्याला परत मिळते. शेपट्या एकमेकींना ओढून घेतात त्यापेक्षा पाणी त्यांना एकत्र ढकलते, हे म्हणणे सत्याच्या जास्त जवळ आहे.

हे ढकलणे किती जबरदस्त आहे ते एका आकड्यात दिसते. आपल्या फुफ्फुसांच्या आतल्या थरात मुबलक असलेले डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिल कोलिन हे दोन शेपट्यांचे लिपिड घ्या. ते पाण्यात सुटे राहू शकते ते लिटरमागे मोलच्या अब्जांश भागाच्या जेमतेम निम्म्याइतके. म्हणजे पाण्याच्या दर १२,००० कोटी रेणूंमागे लिपिडचा एकच रेणू एकटा राहू शकतो. त्याच्यावरचा प्रत्येक रेणू पडद्यात जाऊन बसतो.

पण असे रेणू जुळून झालेल्या सपाट थरालाही एक अडचण उरते. त्याच्या कडेला शेपट्या पाण्याला भिडतात. थर जितका मोठा, तितकी कड लांब आणि तितका तोटा जास्त. गोल वळून कड मिटवली तर हा तोटा संपतो, मात्र थर वाकवायला ऊर्जा खर्च होते. इथे भौतिकशास्त्राने एक विलक्षण गोष्ट दाखवली आहे. सपाट थराचा पूर्ण गोळा करायला लागणारी ऊर्जा गोळ्याच्या आकारावर अवलंबूनच नसते. लहान गोळ्यात वाक तीव्र पण क्षेत्र थोडे, मोठ्यात वाक सौम्य पण क्षेत्र मोठे. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत काटतात. कडेचा तोटा मात्र थराबरोबर वाढत जातो. म्हणून एका मर्यादेपलीकडे थराला मिटून गोळा होणेच परवडते. नेहमीच्या लिपिडसाठी ही मर्यादा वीस-तीस नॅनोमीटरच्या पुटिकेपाशी येते, आणि ध्वनिलहरींनी फोडून केलेल्या सर्वांत लहान पुटिकाही याच मापाच्या निघतात.

गोळा मिटला म्हणून रेणू थिजत नाहीत. पडद्याच्या एका पदरातला रेणू शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा करतो. शंभर नॅनोमीटरच्या पुटिकेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तो काही सहस्रांश सेकंदांत पोहोचतो. मात्र आतल्या पदरातून बाहेरच्या पदरात उलटी मारायला त्याला तासन्‌तास, कधी दिवस लागतात, कारण त्यासाठी पाणीप्रिय डोके तेलकट गाभ्यातून न्यावे लागते. एकाच रेणूच्या दोन हालचालींत अब्जावधी पटींचा फरक आहे. पडदा द्रवासारखा वाहताही असतो आणि भिंतीसारखा टिकतोही, ते या फरकामुळे.

आतली खोली

याच शंभर नॅनोमीटरच्या पुटिकेच्या पोटात पाण्याचे सुमारे सव्वा कोटी रेणू मावतात. आत नेहमीचे सलाईन भरले, तर सोडियमचे सुमारे ३५,००० आयन असतील. आत शुद्ध, उदासीन पाणी असेल, म्हणजे सामू ७ असेल, तर हायड्रोजनचे मुक्त आयन किती? गणित सांगते ०.०२३. एक पूर्ण आयनसुद्धा नाही. कुठल्याही क्षणी अशा ४४ पुटिका मिळून त्यांत सरासरी एक मुक्त हायड्रोजन आयन सापडेल. बादलीभर पाण्यात सामू हा ठाम आकडा असतो. पुटिकेच्या आत तो संभाव्यतेचा प्रश्न होतो. शाळेत शिकलेले रसायनशास्त्र इतक्या लहान जागेत अशा टोकाला येते.

भिंतीची निवडही तितकीच टोकाची आहे. पाण्याचा रेणू या पडद्यातून बऱ्यापैकी सहज जातो. सोडियमच्या आयनाला तोच पडदा अब्जावधी पटींनी अवघड वाटतो. पाच नॅनोमीटरच्या तेलकट थरात रोखून धरण्याची एवढी ताकद आहे.

सजीवांनी टाळलेले मूलद्रव्य

ब्रिटनमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लिपिडचे बंद गोळे पाहिले. १९६५च्या त्यांच्या शोधनिबंधाने हे गोळे आयन अडवून धरतात हे दाखवले. पण ते लिपिड सजीवांतून काढलेले होते. पडदा बांधण्याचे कसब सजीवांच्याच मालमसाल्यात असेल का, हा प्रश्न शिल्लक होता. १९७७ साली जपानमधल्या क्युशू विद्यापीठात तोयोकी कुनिताके यांनी संपूर्णपणे कृत्रिम, दोन शेपट्यांच्या अमोनियम क्षाराने पुटिका होतात हे सिद्ध केले. १९८०च्या दशकात त्यांनी आणि इतरांनी पुढचे पाऊल टाकले. शेपटीतल्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला.

हा बदल किती परका आहे हे समजून घ्यायला हवे. पृथ्वीच्या कवचात फ्लोरिन काही दुर्मीळ नाही. मुबलकतेत त्याचा क्रमांक तेरावा लागतो. तरीही सजीवांनी स्वतः घडवलेली, कार्बनला फ्लोरिन जोडलेली संयुगे बोटांवर मोजण्याइतकीच माहीत आहेत, तर क्लोरिन आणि ब्रोमिनची हजारो आहेत. कार्बन-फ्लोरिनचा बंध जोडणारे विकर सापडायला २००२ साल उजाडावे लागले. ते एका जिवाणूत सापडले. पेशीचा पडदा फ्लोरिनच्या शेपट्यांनी बांधण्याचा प्रयोग निसर्गाने केलेला नाही.

आणि तरीही हे रेणू जुळतात. नुसते जुळत नाहीत, जास्त जोमाने जुळतात. एका शेपटीच्या आयनी रेणूंमध्ये हायड्रोकार्बनची एक कडी वाढवली की जुळणीला लागणारी संहती निम्मी होते. फ्लोरोकार्बनची एक कडी अशा दीड कड्यांचे काम करते. आठ कड्यांचा हिशेब केला, तर साध्या शेपटीने संहती २५६ पटींनी उतरते आणि फ्लोरिनच्या शेपटीने सुमारे ४,०९६ पटींनी. शेपटी त्याच लांबीची राहते, पण जोर सोळापट होतो.

कारण पुन्हा आकारात आहे. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा आहे. त्यामुळे फ्लोरिनयुक्त शेपटीचा आडवा छेद साध्या शेपटीच्या सुमारे दीडपट भरतो. जाड शेपटीला पाण्यात शिरायचे तर जास्त पाणी बाजूला सारावे लागते, आणि पाणी तितक्याच जोराने तिला बाहेर ढकलते. शिवाय ही शेपटी ताठ असते, किंचित पिळलेली असते, सहज वाकत नाही. म्हणून साध्या रेणूंत पुटिका व्हायला सहसा दोन शेपट्या लागतात, पण फ्लोरिनयुक्त रेणूंत काही वेळा एकशेपटी रेणूही पुटिका बांधतात.

फ्रान्समधल्या नीस येथील जाँ रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अशा पुटिकांचा कसून अभ्यास केला. शेपटीचे फक्त टोक फ्लोरिनयुक्त ठेवले, तर दुपदरी पडद्याच्या मधोमध सुमारे दोन नॅनोमीटरचा फ्लोरोकार्बनचा पापुद्रा तयार होतो. फ्लोरोकार्बन पाण्यात मिसळत नाही आणि तेलातही सहज मिसळत नाही, त्यामुळे हा पापुद्रा दोन्ही बाजूंनी वेगळा राहतो. परिणाम असा, की आत भरलेला पदार्थ कमी झिरपतो आणि रक्तद्रवातही पुटिका जास्त काळ टिकते. काही प्रकारच्या पुटिकांनी १२१ अंश सेल्सियसच्या वाफेचे निर्जंतुकीकरणही सोसले. बहुतेक लिपिडच्या पुटिकांसाठी ही परीक्षा फार कठीण असते.

या प्रयोगांनी एक मूलभूत गोष्ट पक्की केली. पडदा बांधण्यासाठी सजीवांचाच माल लागत नाही. लागते ते पाणी, आणि पाण्याला नको असलेली, पण डोक्याशी पक्की बांधलेली शेपटी.

मुंबईतल्या एका कुपीतले ब्रह्मांड

औषधाच्या कामी पुटिका आणण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरुद्धचे प्रभावी औषध, पण मूत्रपिंडांवर घाव घालणारे. ते पुटिकेच्या पडद्यात बसवून दिले तर हा त्रास बराच कमी होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या गटाने असे अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित केले आणि प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत नेले. दिल्लीत बिमलकुमार बच्छावत यांच्या गटानेही याच दिशेने काम केले. सार्वजनिक रुग्णालयात घडलेले हे काम मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

त्याचे मोल २०२१ साली घराघरांत कळले. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसचे जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५,३७४ रुग्ण नोंदले गेले आणि ४,३००हून अधिक जण दगावले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात आणि गुजरातेत होते. नातेवाईक पुटिकायुक्त अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण फिरत होते. वजनाच्या किलोमागे रोज पाच मिलिग्रॅम ही मात्रा धरली, तर ६० किलोच्या रुग्णाला दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात.

अशा एका कुपीत किती पुटिका असतात? जगभर वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅम्बिसोम या औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या कुपीत सुमारे ३४९ मिलिग्रॅम लिपिड आणि कोलेस्टेरॉल असते. पुटिका ८० नॅनोमीटरची धरून हिशेब केला, तर कुपीमागे जवळजवळ ३,८०० लाख कोटी पुटिका येतात, आणि प्रत्येकीत औषधाचे आठेक हजार रेणू. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत ही एक कुपी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेपाच लाख पुटिका येतील. इतक्या संख्येने एकसारख्या वस्तू कुठल्याही कारखान्याच्या पट्ट्यावर एकेक करून जोडता आल्या नसत्या. सेकंदाला एक या वेगाने त्या नुसत्या मोजायच्या म्हटल्या, तरी १२ कोटी वर्षे लागतील. जुळणीचे काम रेणू आणि पाणी करतात, म्हणूनच हे औषध शक्य झाले.

सामर्थ्याची दुसरी बाजू

फ्लोरिनयुक्त लिपिडच्या पुटिका मात्र अजून संशोधनाच्या टप्प्यावरच आहेत, आणि सावधगिरीचे कारण त्यांच्या गुणातच दडलेले आहे. कार्बन-फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट एकेरी बंधांपैकी एक आहे. जो बंध पुटिकेला टिकवतो, तोच पर्यावरणातही तुटत नाही. आठ कार्बनच्या साखळीची पीएफओएस आणि पीएफओए ही फ्लोरिनयुक्त संयुगे माती-पाण्यात साठत गेली. माणसाच्या रक्तातले त्यांचे प्रमाण निम्म्यावर यायलाही काही वर्षे लागतात. म्हणून स्टॉकहोम कराराखाली पीएफओएसवर २००९ साली आणि पीएफओएवर २०१९ साली जागतिक निर्बंध आले. पुढच्या पुटिकांची शेपटी आखताना आखूड फ्लोरिनयुक्त तुकडे, तुटू शकणारे जोड आणि शरीरातून निघून जाण्याची वाट यांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. टिकाऊपणा किती हवा, हा आता रसायनशास्त्राइतकाच समाजाचाही प्रश्न आहे.

या सगळ्या आकड्यांतून मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सजीव आणि निर्जीव यांच्यातली पहिली भिंत बांधायला कुणा कारागिराची गरज पडली नाही. पाण्याच्या नियमाने ती उभी राहते, मग शेपटी ज्वारीच्या पेशीतली असो, मुंबईच्या प्रयोगशाळेतली असो की फ्लोरिनची असो. हे समजायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. सोयाबीनच्या तेलातून निघणारे लेसिथिन म्हणजे फॉस्फोलिपिडचेच मिश्रण आहे. शुद्ध लेसिथिनचा एक कण काचपट्टीवर ठेवावा, वर आच्छादन काच ठेवून कडेने पाण्याचा थेंब सोडावा आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून ४०० पटींनी पाहावे. काही मिनिटांत कणाच्या कडेतून पारदर्शक नळ्या आणि गोळे वाढताना दिसतात. त्यांतली प्रत्येक नळी म्हणजे याच दुपदरी पडद्यांचे एकात एक गुंडाळलेले शेकडो थर. मोहोळ तालुक्यातल्या ज्या शाळेत आणि महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक आहे, तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा प्रयोग एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा, आणि मग वहीत गणित मांडावे : त्या एका कणात किती रेणू होते, आणि त्यांनी किती चौरस मीटर भिंत उभारली.